पाहुणी दूध पीत नाही

“हॅलो?… हॅलो, कोण?… मोठ्याने बोला, टाकीवर उभी आहे मी, वारा आहे इथे… कोण? ताई?”

टाकी म्हणजे छावणीची पाण्याची टाकी. लाटेने बेटावरचे टॉवर आडवे केले तेव्हापासून फोनला रेंज मिळायची ती टेकडीवरच्या या टाकीच्या पायऱ्यांवरच. छावणीचा एकुलता एक फोन तिथेच एका खिळ्याला पिशवीत टांगलेला असायचा. शहरातून फोन असल्याचा निरोप आला तेव्हा ती मशीनवर बसली होती. ताडपत्रीची शिवण अर्धी टाकून, पोराला कडेवर घेऊन धावतच आली होती. लाटेआधी ती शेजारणींचे कपडे शिवायची. आता छपरं शिवत होती.

“बोला ना ताई… नाही हो, कामात कसली… हो, आमचा बरा आहे. दांडगोबा झालाय नुसता. आत्ता माझं कानातलं ओढतोय… सोड रे!… पाहुणी कशी आहे?”

हा शेवटचा प्रश्न तिने अगदी सहज विचारल्यासारखा विचारला. त्यासाठीच ती टेकडी धावत चढली होती, हे ताईंना कळायचं कारण नव्हतं.

लाटेच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी टॉवेलात गुंडाळून एक तान्ही पोर छावणीत आणून दिली. शिलाईवालीच्या अंगावर तिचा मुलगा पीत होता, म्हणून नर्सबाईंनी ती पोर तिच्याच मांडीवर ठेवली. चार दिवसांची पाहुणी आहे, येईल कुणीतरी न्यायला, असं जो तो म्हणायचा. म्हणता म्हणता पोरीला पाहुणी हेच नाव पडलं आणि चार दिवसांचे चार महिने झाले. मग समुद्रापलीकडच्या शहरातून या ताई आल्या. पाहुणीच्या सख्ख्या मावशी. बहीण गेली होती, भाची तरी सापडली म्हणून दारातच बसून रडल्या. आठवडाभर राहिल्या आणि मागच्या आठवड्यात बोटीने पाहुणीला घेऊन गेल्या.

“काय?… पीत नाही? म्हणजे?… तिकडे गेल्यापासून कमीकमीच? आणि काल संध्याकाळपासून थेंबभरसुद्धा नाही?”

खरं तर काळजात धस्स व्हायला हवं होतं. ते झालंही, पण मागाहून. आधी पोटात कुठेतरी गुदगुली झाली. बारीकशी, चोरटी. तिची तिलाच इतकी लाज वाटली की तिने घाईघाईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“अरे देवा… बिचारी. बाटली तीच आहे ना, इथून नेलेली?… आणि दुधाचा डबा?… तोच. पाणी उकळून?… कोमट करून, मनगटावर थेंब टाकून… हो… हो… मग बरोबरच करताय की सगळं. तुमचं सगळंच बरोबर असतं हो, ताई… अहो टोमणा कसला? वाऱ्यात आवाज तसा येतो.”

तिच्या मागे पायरीवर गिरणीवाल्या काकू आपला नंबर धरून बसल्या होत्या. त्यांची पिठाची गिरणी लाटेत गेली होती, पण दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टी कान देऊन ऐकायची जुनी सवय काही गेली नव्हती. त्यांनी बसल्या जागीच एक पायरी वर सरकून घेतलं.

“इथे पीत होती ना बाटलीने! तुमच्यादेखत प्यायली… मग? मीच लावली की सवय. तुम्ही येणार कळलं आणि नर्सबाई म्हणाल्या, आता अंगावरून तोडायला हवी हिला. तोडली. छाती भरून यायची, नुसता दगड व्हायचा, आणि मी पदर घट्ट आवळून हिच्या तोंडात बाटली धरायची. कुणासाठी? तुमच्यासाठीच ना?… नाही, उपकार नाही काढत. सांगितलं आपलं… कोण?… कोण नाही पीत म्हणालात?… हां, हां. नाव ठेवलंत नाही का तुम्ही. परत सांगा?… छान आहे. लांब आहे जरासं… अहो छानच आहे! हाक पुरी होईपर्यंत पोर रांगत दाराबाहेर जाईल, एवढंच.”

काकूंनी तोंडाला पदर लावला.

“झोपते कुठे?… पाळणा? नवाच?… वर फिरणारे पक्षी? आणि ते गाणं पण म्हणतात? बरं बाई… नाही, इथे ती बिस्किटांच्या खोक्यात झोपायची ना, म्हणून विचारलं. पक्षी नव्हते आमच्याकडे. डास होते… अंघोळ कशाने घालता?… तो महागाचा? गुलाबी? छान वास येत असेल… हो, अंगाला.”

त्या वासापाशी ती अडखळली. पाहुणीच्या मानेच्या वळीत दूध सांडून आंबूस वास यायचा. तिने कितीदा तिथे नाक खुपसलं असेल. आता तिथे गुलाबी साबण होता आणि नाक दुसऱ्याच बाईचं.

“काय म्हणाले डॉक्टर?… ओळखीचा वास?… तिचं जुनं दुपटं? नाही हो ताई, सगळं तुमच्या पिशवीत भरून दिलं… निळं? ते होय. ते उंदरांनी कुरतडलं. टाकून दिलं मी.”

निळं दुपटं तेव्हा दांडगोबाच्या खांद्यावर होतं आणि तो त्याचं टोक चघळत होता. गिरणीवाल्या काकूंनी दुपट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

“तुमचा नंबर येईल, काकू. माणसं बोलतायत ना… नाही, तुम्हाला नाही ताई. इथे रांग आहे… हो, ऐकतेय मी. काय सांगत होतात? डॉक्टर काय म्हणाले पुढे?… संध्याकाळपर्यंत नाही प्यायली तर भरती करायचं? नळीने?… नाकातून?… एवढ्याशा नाकातून?”

आता मात्र धस्स झालं. तिने दांडगोबाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

“थांबा, थांबा. मला नीट सांगा. पाजता कुठे बसून?… आतल्या खोलीत… हं… ताई, एक विचारू? तुमच्याकडे एवढं शांत कसं? मघापासून मला तुमचा श्वास ऐकू येतोय… पडदे लावले? कशाला?… दाराची बेल काढून ठेवली? अगं बाई… आणि साहेब घरात चप्पल काढून चवड्यांवर चालतात? एवढे मोठे साहेब?… शेजाऱ्यांना पण सांगितलं… हो… हो, खरंय. एवढ्या आकांतातून वाचलेली पोर, तिला आवाजाचा धक्का नको. बरोबर आहे तुमचं.”

आणि हे म्हणता म्हणताच तिला कळलं.

छावणी म्हणजे सिमेंटचं जुनं गोदाम. लेकुरवाळ्या बायकांची जागा गोदामाच्या मागच्या भिंतीला लागून होती, कारण दिवा आणि गरम पाणी तिथे मिळायचं. आणि ते मिळायचं, कारण भिंतीपलीकडे जनरेटर होता. डिझेलचं भलंमोठं धूड. दिवसरात्र घरघर, भिंत थरथरायची, जमिनीवरचे पेले सरकायचे. पहिले काही दिवस बायकांची डोकी उठली, मग सवय झाली. पाहुणीला सवय करावीच लागली नाही. ती त्या घरघरीच्या तालावर प्यायची, तालावर झोपायची. तेल बदलायला जनरेटर बंद केला की तोंडातलं दूध तसंच ठेवून डोळे मोठे करून बघत राहायची. पुन्हा सुरू झाला की चुटूचुटू पुढे चालू. पाहुणीला जेवताना बाजा लागतो, म्हणून बायका हसायच्या.

शहरात त्या बाईने बाजाच बंद करून टाकला होता. प्रेमाने, चवड्यांवर चालून.

शब्द जिभेवर आले. शिलाईवालीने ते गिळले.

“…नाही, आहे मी. विचार करतेय… काय असेल बरं… दात येत असतील. हिरडी चोळून बघा… चोळली? मग मान जरा उंच धरून बघा. गार हवा लागली असेल… पोट बघा फुगलंय का…”

कुणीही कुणालाही सांगेल असं सगळं तिने सांगितलं. एक सोडून.

“ताई?… अहो ताई… रडू नका. रडू नका हो. तुम्ही रडलात तर तिने काय करायचं?… हो. बहिणीची आठवण येणारच… काय?… कुणाचा हेवा? माझा?… माझा हेवा?”

ती खरोखरच हसली. वाऱ्यात ते हसू कसं पोचलं कोण जाणे.

“ताई, माझ्याकडे आहे काय हो हेवा करायला? ताडपत्री शिवून बोटांची चाळण झालीय. पडद्याने तोडलेली जागा आहे, पाय लांब केले की शेजारणीच्या उशीला लागतात. रक्त तुमचं, नाक तुमच्यावर गेलंय, पाळण्यावर गाणारे पक्षी तुमचे, आणि हेवा माझा?… काय करते ती?… दाराकडे बघते? कधी?… कुणीही आलं तरी?… आणि मग?… मग तुमच्याकडे बघून तोंड फिरवते… परत सांगा ना… नाही, म्हणजे नीट ऐकू नाही आलं. वारा.”

वारा तेव्हा पडला होता. गिरणीवाल्या काकूंनी बोट ओलं करून वर धरलं आणि तिला दाखवलं. तिने त्यांच्याकडे पाठ केली.

ताईंनी पुन्हा सांगितलं. ते ती उन्हाळ्यातलं पाणी प्यावं तसं प्यायली. दाराकडे बघते. म्हणजे विसरली नाही. आठवडा झाला, अंगाचा वास धुऊन निघाला, पण विसरली नाही.

“काय म्हणालात?… इकडे? परत?… काही दिवस की… कायमची?… तुम्ही रागात नाही ना बोलत, ताई?… नाही, मी कुठे नको म्हणतेय! आणा ना. आणा. गुरुवारची बोट आहे, लाकूड घेऊन येते, माणसंही घेतात त्यावर. आता आम्हाला घर मिळतंय, माहितीये? वरच्या रांगेत, पाण्यापासून लांब. हे स्वतः चौकटी बसवतायत. दोन खोल्या आहेत, ताई, दोन! विहिरीतलं खारं पाणी पण उपसून काढलंय, पावसानंतर गोडं होईल म्हणतात. तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही या, राहा, मावशीच आहात तुम्ही तिच्या, कुणी अडवणार आहे का?… हो… हो, तुमचंही खरंय, पोरीच्या जिवापुढे आपलं काय. शहाण्या आहात तुम्ही. मी उगाच…”

बोलता बोलता तिने पाहुणीला नव्या घरात नेऊनही ठेवलं होतं. आतल्या खोलीत, खिडकीखाली. दांडगोबाचं अंथरूण इकडे, तिचं तिकडे. यांना सांगून एक पाळणा करून घ्यायचा, चौकटींची लाकडं उरतातच. आणि पडद्यापलीकडच्या शेजारणी, ज्या गेला आठवडाभर तिच्याकडे बघून च्च च्च करत होत्या, त्यांना म्हणायचं…

“आज वार कोणता हो, काकू?… सोमवार? आजच सोमवार?… ताई, तो आवाज कसला येतोय तिकडे?… ती आहे? ती रडतेय?… असं नाही रडत ती. फोन जवळ न्या तिच्या… न्या म्हणते ना!”

पाहुणीची सगळी रडणी तिला पाठ होती. भुकेचं रडणं चढत जायचं, रागाचं तुटक असायचं, झोपेचं गाण्यासारखं लांबायचं. फोनमधून येत होतं ते यातलं कुठलंच नव्हतं. कोरड्या कप्पीवरून दोर ओढावा तसं काहीतरी घासत होतं. मागे जोर नव्हता. तक्रार करायचंही पोरीने सोडून दिलं होतं. गुरुवार फार लांब होता.

ताईंना अहोजाहो करायची गोष्ट इथे कुठल्या कुठे गेली.

“अगं ऐक… अगं ऐक ना! पडदे उघड आधी. सगळे. खिडक्या उघड. तिला शांतता नको आहे गं!… हो, खात्रीने सांगतेय. जन्मल्यापासून तिने कानावर काही घेतलं असेल तर ते जनरेटरची घरघर. आणि तो मध्येच बंद पडला ना, की इथे आम्ही सगळ्या बायका गप्प व्हायचो. श्वास धरून समुद्र ऐकायचो, पाणी परत येतंय का म्हणून. आमची अंगं ताठ व्हायची आणि ती आमच्याच अंगावर असायची. तिला शांत म्हणजे तेवढंच माहीत आहे. तुम्ही सगळ्यांनी मिळून घाबरवून सोडलंय तिला… हो, प्रेमाने. माहितीये मला. पण आता घरघर पाहिजे. काय आहे घरात?… वॉशिंग मशीन? लाव!… काय? आवाज करत नाही? मग मेलं महागाचं मशीन काय कामाचं!… मिक्सर?… लाव बघू… अगं बंद कर, बंद कर! तो किंचाळतोय. किंचाळणं नको, घरघर हवी. जाडी, खालच्या पट्टीतली… कोण बोलतंय मागे?… वेड लागलंय म्हणतात? त्यांना म्हणावं गप्प बसा… नाही, नको, गप्प नको! बोलू दे त्यांना. अजून मोठ्याने बोला म्हणावं, बूट घालून चाला म्हणावं!”

गिरणीवाल्या काकू आता तिच्याच पायरीवर येऊन उभ्या होत्या. त्यांनी न बोलता दांडगोबाला तिच्या कडेवरून उचलून घेतलं. तिचं लक्षही नव्हतं.

“तुमची ती बिल्डिंग आहे ना उंच? पाणी वर कसं चढतं?… मोटरच ना? कुठे असते ती?… तळमजल्याला. वॉचमनकडे किल्ली असेल. लाव म्हणावं मोटर… टाकी भरलेली असू दे, वाहू दे पाणी जरा! बाटली घे, पोरीला घे, फोन खांद्यात धर आणि खाली जा… लिफ्ट नको, फोन तुटेल. जिन्याने जा… आधी का नाही सांगितलं?”

तिने खाली पाहिलं. टेकडीखाली गोदामाच्या मागून डिझेलचा धूर सरळ वर चढत होता.

“आठवलं होतं… हो. मघाशीच आठवलं होतं… सांगितलं नाही… का म्हणजे? का ते तुला कळतंय, ताई. तूही नसतं सांगितलंस… आता भांडायचंय की पाजायचंय? जिना उतर!”

मग बराच वेळ तिला नुसता जिनाच ऐकू येत राहिला. ताईंच्या सपाता, धाप, मधूनच ती कोरडी कप्पी. कुठेतरी दार करकरलं, कुणीतरी पुरुष काहीतरी म्हणाला, आणि मग सुरू झाली. जुनी असावी मोटर. घरघर अशी काही आली की टाकीच्या पायरीवर तिच्याच तळपायांना मुंग्या आल्या.

“भिंतीला पाठ टेकून बस. साडी खराब होऊ दे… गाउन? होऊ दे मग गाउन. तिला आडवी घे, तिचा कान तुझ्या दंडाला. घाई नको करू. बाटली नुसती ओठाला लाव आणि थांब… थांब. तिला तू नाही पाजायचं, तिचं ती पिणार… काय करतेय?… बघतेय? कुणीकडे?… मोटरीकडे. बघू दे. ओळख काढतेय… हात? कुठे ठेवला?… तुझ्या बोटावर… आवळून?… मग आता काही बोलू नकोस तू. मी पण नाही बोलत.”

फोनमधून घरघर येत राहिली. शिलाईवालीने दुसऱ्या कानात बोट घातलं आणि डोळे मिटले. आणि मग त्या घरघरीच्या खालून, अगदी खालून, तिला ऐकू आलं. चुटू. मग काही नाही. मग चुटू, चुटू. मग लागोपाठ.

तिच्या पोलक्याच्या पुढच्या भागाला ओल आली. पाहुणीला बाटलीची सवय लावून महिना झाला होता, तरीही तिच्या आवाजाला आली. तिने पदर ओढून घेतला.

“पितेय ना?… मला ऐकू येतंय… निम्मी? एवढ्यात? सावकाश म्हणावं, मध्येच उभी धर, ढेकर काढ. आणि डॉक्टरांना दाखव तरी संध्याकाळी… हो… आभार नको मानू. अजिबात नको… गुरुवारचं? छे. गुरुवारी कशाला येतेस आता? लाकडांची बोट ती, पोरीला उन्हात आणायचं आणि… नाही. मी सांगतेय ना, नको आणू.”

हे म्हणताना नव्या घराच्या आतल्या खोलीतली खिडकीखालची जागा तिच्या डोळ्यांसमोर होतीच. ती हलली नाही. हलणारही नव्हती बरेच दिवस.

पलीकडून ताई काही बोलेनाशा झाल्या. म्हणजे बोलत होत्या, पण फोनमध्ये नाही. फोन बहुतेक कुठेतरी ठेवला होता आणि त्या मांडीवरच्या पोरीशी बोलत होत्या, हलक्या आवाजात, पुटपुटल्यासारखं. शिलाईवालीने फोन कानावर इतका दाबला की कान दुखला.

“ताई… ताई! काय म्हणालीस?… मला नाही. तिला. आत्ता तिला काय म्हणालीस?… काही नाही कसं? मी ऐकलं… ‘मी आहे ना,’ च्या पुढे. मी कोण?… लाजतेस कशाला?… नाही, मला राग नाही आला.”

आला होता. कानशिलं तापली होती. चार महिने तिने स्वतः तो दोन अक्षरांचा शब्द पाहुणीपुढे उच्चारला नव्हता. कितीदा ओठावर आला असेल, पण पाहुणी ती पाहुणी, म्हणून मागे ढकलला होता. आणि या बाईने आठवड्यात, मोटरीच्या खोलीत, गाउन मळवून तो म्हणूनही टाकला.

काकू रांगेत मागे जाऊन उभ्या राहिल्या होत्या, दांडगोबाला खांद्यावर घेऊन, तोंड दुसरीकडे करून. आज पहिल्यांदाच त्या ऐकत नव्हत्या.

“पुन्हा म्हण, ताई… हो, म्हण… असं पुटपुटून काय उपयोग? मोटर चालू आहे तिथे. तिला ऐकू गेलं पाहिजे… अजून मोठ्याने… मोटरीच्या वर आवाज काढ, वॉचमन ऐकू दे, साहेब ऐकू देत… अजून…”

ताई ओरडल्या.

“…हां. आता ऐकू आलं. इथवर आलं.”

आणि तिने फोन बंद करून खिळ्यावरच्या पिशवीत टाकला.